कामिएलला वारा लागेना

मी त्या दिवशी फक्त मोटर आणायला गेलो होतो. बाकी काही डोक्यात नव्हतं.

त्रेपन्न सालातला मार्च महिना. आमच्या फ्लँडर्सच्या किनाऱ्यावर मार्चमध्ये वारा असतोच. ट्राममधून उतरलो तो टोपी हातात धरूनच. शेवटच्या थांब्यापाशी, समुद्राच्या बंधाऱ्याला पाठ लावून झुल्माबाईचं छोटं कॅफे होतं, आणि परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तिच्या नवऱ्याची शर्यतीची मोटरसायकल ऑगस्टपासून ताडपत्रीखाली उभी होती. नवरा थिओफिल. सगळे त्याला फील म्हणत. ऑगस्टच्या अपघातात वाकलेली ती मोटर गॅरेजवाल्यांनी सरळ केली होती. माणूस सरळ करता आला नव्हता.

"ने बाबा," झुल्माबाई म्हणाली. "मला काय करायचीय? कोंबड्या बसवू तिच्यावर?"

तिने कॉफी दिली, आणि न विचारता तिच्यात थेंबभर जिन ओतली.

मी जरा चाचरत विचारलं, "त्यांचा चामड्याचा कोटही मिळाला असता तर... मला नवा शिवायला वेळ लागेल."

"तो घालून गेलाय. पेटीत दुसरं काही मापाचं बसेना." ती फडक्याने टेबल पुसत राहिली. "कामिएल स्वतः का नाही आला? अकरा वर्षं फीलच्या मागे सायकल चालवलीन, माझ्या हातचं खाल्लंन. सात महिन्यांत एकदा दारात उभा राहिला नाही. त्याला सांग, मी चावत नाही म्हणावं."

मी मान हलवली आणि मोटर ढकलत निघालो.

तुम्ही असल्या शर्यती पाहिल्या नसतील, म्हणून दोन शब्द सांगतो. पुढे मोटर. तिच्यावर मोटरवाला बसत नाही, जवळजवळ उभाच राहतो, ताठ, खांदे रुंद करून. मोटरच्या मागे लोखंडी दांडीवर एक फिरता रोलर. त्या रोलरपासून वीतभर अंतरावर सायकलवाल्याचं पुढचं चाक. वेग ताशी सत्तर, कधी ऐंशी. मोटरवाल्याच्या पाठीमागे वारा नसतो. म्हणजे अजिबातच नसतो; तिथे काडी पेटवाल तर विझायची नाही. त्या वीतभर जागेत सायकलवाल्याचं सगळं आयुष्य. हातभर मागे पडलात की वारा छातीवर भिंतीसारखा येतो, आणि मग ती पाठ पुन्हा सापडत नाही. आम्ही त्याला 'सुटणं' म्हणतो. मरणापेक्षा त्याचीच भीती जास्त.

आणि मोटरवाल्याच्या शिरस्त्राणाला कानाशी भोकं असतात, ती मागच्या बाजूला उघडणारी. कारण पुढचं काही ऐकायचंच नसतं. मागून सायकलवाला ओरडतो, "अजून!" किंवा "हळू!" तेवढंच ऐकायचं.

कामिएल होस्त हा जवसाच्या धाग्याच्या कारखान्यातल्या मजुराचा मुलगा. रस्त्यावरच्या शर्यतींत त्याचं कधी काही झालं नाही. शेवटच्या शंभर मीटरला त्याचा जीव कमी पडायचा. पण चोविसाव्या वर्षी कुणीतरी त्याला फीलच्या मागे उभा केला आणि सगळं बदललं. फील एकशे पाच किलोचा. त्याच्या मागे म्हणजे चर्चच्या भिंतीमागे. अकरा वर्षांत कामिएल चार वेळा देशाचा विजेता झाला, दोनदा जगात दुसरा आला. लोक म्हणत, ही दोन माणसं नव्हेत, एक माणूस आणि त्याची सावली आहे. सावली कोणती, यावर कॅफेत भांडणं व्हायची.

ऑगस्टमध्ये, शर्यतीच्या तिसाव्या फेरीला, वळणावर मोटरचा मागचा टायर फुटला. फील खाली आला. कामिएल त्याच्या अंगावरून उडून गवतात पडला, कोपर खरचटलं. फील मात्र तिथेच संपला.

आणि आता त्याच्या जागी मी, ओमेर. वय एकतीस. त्याआधी मी दुसऱ्या फळीतल्या मुलांपुढे मोटर चालवायचो.

पहिल्याच सरावाला मला काहीतरी खटकलं. एप्रिलमधली दुपार, ट्रॅक रिकामा, ऊन बाजूने येत होतं, त्यामुळे आमच्या सावल्या माझ्या शेजारी सिमेंटवर पळत होत्या. माझी सावली, मोटरची, मग रिकामी जागा, मग कामिएलची. ती रिकामी जागा वीतभर नव्हती. हातभर होती. तो सुटला असं समजून मी वेग कमी केला.

"काय करतोयस?" मागून आवाज आला. "चल ना!"

मी वेग वाढवला. सत्तर. पंचाहत्तर. अंतर तेवढंच. एवढ्या अंतरावर कुणी टिकत नाही, टिकूच शकत नाही. पण कामिएल टिकला, आणि खाली उतरला तेव्हा त्याला धापसुद्धा लागली नव्हती.

"जवळ का येत नाहीस?" मी विचारलं.

तो डोक्यावरच्या टोपीचे पट्टे सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "यायला जागा नाही, लेका."

मला वाटलं, थट्टा करतोय.

त्या उन्हाळ्यात आम्ही सगळं जिंकलो. एकामागून एक सात शर्यती. माझा फोटो पेपरात आला, आईने तो कापून आरशात खोचला. पण प्रत्येक शर्यतीत ते अंतर वाढत होतं. मेमध्ये एक मीटर झालं. जूनमध्ये दीड. पंचांनी दोनदा सायकल उलटीपालटी करून तपासली. एक म्हातारा पंच माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मी चाळीस वर्षं शर्यती बघतोय. तुमच्या दोघांच्या मध्ये एक आख्खी मोटर मावेल रे."

मी हसलो. घरी जाऊन मात्र मला जेवण गेलं नाही. कारण मला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी पंचाला माहीत नव्हती. पन्नासेक फेऱ्या झाल्या की माझी मोटर जड व्हायची. इंजिन ठीक असायचं, पण मागे कुणी ओझं टेकवावं तशी ती ओढायला लागायची. आणि वास यायचा. भिजलेल्या चामड्याचा. कोरड्या जूनमध्ये, कडक उन्हात, माझ्या मानेमागून... ओल्या चामड्याचा वास.

जुलैमध्ये एका रविवारी मी धीर करून कामिएलला बंधाऱ्यावर गाठलं. दुपारची वेळ. पश्चिमेचा वारा असा सुटला होता की बायकांचे झगे आवरत नव्हते, वाळू गालांना टोचत होती, आणि शिंपले विकणाऱ्याच्या गाडीवरचं कापड उडून समुद्रात गेलं होतं. माझा कोट पाठीवर फडफडत होता.

कामिएलचा कोट नुसता लोंबत होता.

मी नीट पाहिलं. त्याचे केस हलत नव्हते. त्याने खिशातून काडेपेटी काढली, सिगारेट पेटवली. हाताचा आडोसा केला नाही. काडीची ज्योत सरळ उभी राहिली, बंद खोलीत राहावी तशी. काडी पार बोटापर्यंत जळली, मग त्याने ती टाकली. टाकल्यावर वाऱ्याने ती उचलून नेली.

"बघितलंस?" तो म्हणाला.

मी माझ्याजवळची एक काडी ओढली. ती लगेच विझली.

"ऑगस्टपासून मला वारा लागलेला नाही, ओमेर. एकदाही नाही."

"म्हणजे...?"

"म्हणजे कुणीतरी पुढे आहे."

आम्ही चालत होतो. मी नकळत त्याच्या पुढच्या जागेकडे पाहिलं. फरसबंदी, वाळू, लांबवर एक कुत्रं. बाकी काही नाही.

"आधी बरं वाटायचं," तो म्हणाला. "वाटायचं, फील सोडून गेला नाही. मी वळलो की तोही वळायचा. पण आता... आता तो आधी वळतो. मग मला वळावं लागतं. परवा मी पाव आणायला निघालो आणि धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. खाली पाणी. मी तिकडे गेलो नव्हतो, ओमेर. मला नेलं होतं."

"मग बाजूला हो ना! दुसरीकडे चाल!"

"एकदा झालो." त्याने शर्टाची कॉलर खाली ओढली. गळ्याखाली, छातीवर, सगळं काळंनिळं होतं. "एवढ्या महिन्यांचा वारा एकदम आला. श्वास घेता येईना. नाकातून रक्त आलं. आणि चालताना पाय माझं ऐकत नाहीत, आपोआप त्याच्या मागे जातात."

मी विचारलं, "पण तुला का? तो तुझ्यावर जीव टाकायचा."

त्याने कॉलर पुन्हा वर केली. मग समुद्राकडे बघत बोलला.

"शर्यतीआधी फीलने मला टायर दाखवला होता. आतलं कापड दिसत होतं. म्हणाला, आज राहू दे, आपण नाव काढून घेऊ. मी म्हटलं, एवढी एक शर्यत. त्याने नुसतं शिरस्त्राण घातलं. सत्ताविसाव्या फेरीला त्याने वेग कमी केला. त्याला कळलं होतं. मी मागून ओरडलो, 'अजून!' मी तीनदा ओरडलो, ओमेर. आणि त्याने वेग वाढवला."

त्याने सिगारेट पायाखाली चिरडली.

"आता प्रत्येक शर्यतीत मी 'हळू, हळू' ओरडतो. तू ऐकतोस, तू कमी करतोस. तो करत नाही."

मी त्याला दंडाला धरून तसाच झुल्माबाईकडे नेलं. दुसरं काय करणार? पाद्रीबुवांकडे नेलं असतं तर त्यांनी दारूबद्दल विचारलं असतं.

कॅफेत गिऱ्हाईक नव्हतं. कामिएल टोपी हातात घेऊन उभ्याउभ्याच सगळं बोलला. टायरचंही. झुल्माबाई गल्ल्यामागे हात बांधून ऐकत होती. मला वाटलं, ती आता बाटली फेकून मारेल.

"तीनदा ओरडलास?" तिने विचारलं.

"तीनदा."

"गाढवा, त्याने एकदाही ऐकलं नसेल." ती खुर्चीवर बसली. "फील दोन वर्षं ठार बहिरा होता. इंजिनाने कान खाल्ले त्याचे. समोरच्याचे ओठ बघून समजून घ्यायचा. मला शपथ घातली होती, कुणाला सांगशील तर खबरदार. लायसन्स काढून घेतील."

कामिएलचा चेहरा पांढरा पडला. "पण तो तर... मी सांगेन तसं..."

"तुझ्या चाकावरून चालवायचा तो. तुझं चाक रोलरला टेकलं की त्याला पायाखाली कळायचं. टेकलं म्हणजे अजून. मागे राहिलं म्हणजे हळू. त्या दिवशी त्याने वेग कमी केला तेव्हा तुझं चाक टेकलं असणार."

"टेकलं होतं," कामिएल पुटपुटला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आताही टेकतं. शर्यतीत माझ्या चाकापुढे काही नसतं, तरी मधूनच खर्र करून टेकतं..."

"मग तो काय समजणार?" झुल्माबाई म्हणाली. "तू सांगतोयस अजून, म्हणून तो जातोय अजून. रागावलेला नाही रे तो. राग कधी आला त्याला? त्याला फक्त थांबवायला कुणी नाहीये."

बाहेर खिडकीची झडप आपटत होती.

"मागे राहायला हवं," कामिएल म्हणाला. "सुटायला हवं. चालताना जमत नाही. सायकलवर निदान पाय माझे असतात."

"मरशील," मी म्हटलं. "ऐंशीच्या वेगात..."

"धक्क्यावरूनही मरेनच की."

झुल्माबाईने त्याच्यापुढे बटाट्यांची आणि खारवलेल्या मांसाची ताटली ठेवली, पूर्वीसारखी. तो खाताना ती त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. मग अगदी सावकाश म्हणाली, "तू सुटलास की तो एकटाच पुढे जात राहणार. कुठे जाईल...?" आणि थोड्या वेळाने, "त्या दिवशी मी येते."

त्या बोलण्याकडे तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

देशाची अजिंक्यपद शर्यत आमच्याच गावच्या ट्रॅकवर होती, ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी. दिवस असा की पान हलत नव्हतं. झेंडे काठ्यांना चिकटून लोंबत होते. बाकांवर लोक वर्तमानपत्राने वारा घेत होते. बाहेरच्या कठड्यापाशी, शेवटच्या वळणावर, काळा रुमाल बांधलेली झुल्माबाई उभी होती.

सुरुवातीआधी कामिएलने माझ्या पाठीवर थाप मारली. "मी सुटलो तरी तू मागे वळून बघू नकोस. जात राहा."

साठ फेऱ्यांपर्यंत आम्ही पहिले होतो. मोटर जड झाली. मग तो वास आला, अगदी जवळून. कामिएलचा श्वास मला ऐकू येत नव्हता. दुसराच एक श्वास येत होता, जाड, शांत, वजनदार माणसाचा. माझ्या शिरस्त्राणाच्या भोकांशी. मी वेग कमी केला. मोटर कमी झाली नाही. मी वेगाची मूठ पूर्ण सोडली. ती तरीही ढकलल्यासारखी पुढेच जात होती... पंच्याऐंशी... नव्वद... वळण भिंतीसारखं अंगावर येत होतं. मी देवाचं नाव घेतलं. ते शेवटचंच, असं वाटलं.

मग मागून कामिएल ओरडला. "अजून" नव्हे, "हळू"ही नव्हे. तो "फील!" म्हणून ओरडला.

आणि लोकांचा एकदम "हाऽऽ" झाला.

पुढचं मला लोकांनी सांगितलं. कामिएलने हँडल सोडून पाठ सरळ केली. एखाद्याला उघड्या हाताने छातीवर ढकलावं तसा तो मागे फेकला गेला. त्या बिनवाऱ्याच्या दिवशी त्याची जर्सी पुढून फाटली, टोपी उडून तिसऱ्या रांगेत पडली. तो वळणावरून घसरत खाली गवतात आला. पण पडला नाही. सायकल थांबली, तो उतरला आणि गुडघ्यांवर बसला.

मला काय जाणवलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगतो. माझ्या उजव्या कोपराला घासून काहीतरी पुढे गेलं. मोठं, ओलं, गरम. मोटर एकदम हलकी झाली आणि माझं ऐकू लागली. ते जे काही होतं ते बाहेरच्या कठड्याकडे गेलं, शेवटच्या वळणाकडे.

मी थांबून धावत परत आलो. कामिएल तोंड वर करून बसला होता. नाकातून रक्त वाहत होतं आणि तो हसत होता. तेवढ्यात समुद्राकडून पहिली झुळूक आली. त्याचे केस हलले.

"ओमेर... लागतोय," तो म्हणाला. "वारा लागतोय रे..." आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

तो पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही. जवसाच्या कारखान्यात कामाला लागला, उशिरा लग्न केलं, म्हातारा होऊन आपल्या बिछान्यात गेला. चांगलं झालं त्याचं.

त्या संध्याकाळी मात्र वारा चांगलाच वाढला. लोक ट्रामकडे निघाले होते, कागद उडत होते, टोप्या उडत होत्या. गर्दीत पुढे मला झुल्माबाई दिसली. जिला कॅफेच्या तीन पायऱ्या उतरायला कठडा धरावा लागायचा, ती झपाझप चालली होती. तिच्या काळ्या रुमालाची दोन्ही टोकं पाठीवर सरळ लोंबत होती. हलत नव्हती.

"झुल्माबाई!" मी हाक मारली. "थांबा, मी येतो सोडायला!"

तिने वळून न बघता हात वर केला. आवाज आनंदी होता, एखाद्या मुलीसारखा. "नको रे! त्याला घाई आहे!"

दुसऱ्या दिवशी मी कॅफेत गेलो. दार बंद होतं. आतून तिचा आवाज येत होता, मोठ्याने, बहिऱ्याशी बोलतात तसा. मी दार वाजवलं नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही वाजवलं. भीती वाटली.

अकराव्या दिवशी सकाळी लोकांनी मला बोलावलं. आमच्या किनाऱ्यावर घोड्यावर बसून कोळंबी धरणारे म्हातारे आहेत. त्यांच्यातल्या एकाने तिला पहाटे उजाडताना वाळूवर पाहिलं होतं. "नवऱ्याच्या मागे बायको चालते तशी चालली होती," तो म्हणाला. "पण पुढे कुणी नव्हतं."

ओहोटी होती. वाळू ओली, गुळगुळीत, काचेसारखी. बंधाऱ्याच्या पायरीपासून तिच्या बुटांचे ठसे निघाले होते, सरळ समुद्राकडे. मी त्यांच्या बाजूने चालत गेलो. सुरुवातीला एकेक पाऊल म्हाताऱ्या बाईचं, जवळजवळ. मग लांब. मग मला उडी मारावी लागेल एवढं लांब. मग एका ठशापासून दुसरा ठसा चार-चार मीटरवर, आणि प्रत्येक ठसा नुसता चवड्याचा नव्हे, पूर्ण, शांतपणे टेकवलेला.

शेवटचा ठसा उजव्या पायाचा होता. त्याच्यापुढे काही नव्हतं.

"भरतीने पुसले असतील," मी म्हटलं.

कोळंबीवाल्याने घोड्याचा लगाम आवळला. घोडा त्या जागेपासून मागे मागे सरत होता.

"पाणी रात्रीपासून उतरतंय," तो म्हणाला. "ती गेल्यापासून इथपर्यंत ते आलेलंच नाही."